माहेरी येताना फाईल आणलीस का? सेरेब्रल पाल्सीचा धोका कुठे कुठे कमी करता येतो?

पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत कोकणात अजूनही टिकून आहे. मुंबई-ठाण्यात संसार करणारी पावसची मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात रेल्वेने रत्नागिरीत उतरते आणि भाट्याचा पूल, गोळप असं करत घरी पोचते. सोबत कपड्यांची बॅग असते, औषधांची पिशवी असते. तपासण्यांची फाईल मात्र कधी कधी मुंबईच्या कपाटातच राहून जाते.

"त्यात काय एवढं, इथे परत तपासण्या करू," असं घरातली माणसं म्हणतात. पण त्या फाईलमधल्या दोन-तीन कागदांवर बाळाचं पुढचं आयुष्य अवलंबून असू शकतं. आईचा रक्तगट कोणता, बीपी कधीपासून वाढलं, पहिल्या सोनोग्राफीनुसार दिवस नेमके किती भरलेत, या गोष्टी ऐन वेळी माहीत असतील तर डॉक्टरांना योग्य निर्णय लवकर घेता येतो. आणि बाळाच्या मेंदूच्या बाबतीत वेळेला फार किंमत असते.

सेरेब्रल पाल्सी शंभर टक्के टाळणारी गोळी, लस किंवा ऑपरेशन अस्तित्वात नाही. पण गरोदरपणापासून बाळ दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत असे अनेक टप्पे येतात, जिथे साध्या गोष्टींनी हा धोका कमी करता येतो. ते टप्पे कोणते?

सेरेब्रल पाल्सी म्हणजे नेमकं काय?

मेंदूची वाढ होत असताना त्याला इजा झाली किंवा त्याची जडणघडण नीट झाली नाही, तर स्नायूंवरचं नियंत्रण बिघडतं. हातपाय ताठ होणं, तोल न सांभाळता येणं, नको असताना हालचाली होत राहणं असे त्रास होतात. या सगळ्या स्थितींना मिळून सेरेब्रल पाल्सी म्हणतात. १८६१ मध्ये लंडनचे सर्जन विल्यम लिटल यांनी तिचं सविस्तर वर्णन केलं होतं.

ती संसर्गजन्य नाही. मेंदूला झालेली इजा वयानुसार वाढत जात नाही, पण भरूनही येत नाही. तिचा हालचालींवर होणारा परिणाम मात्र मूल वाढतं तसा बदलत जातो. काही मुलांना फीट येतात, काहींना ऐकायला किंवा दिसायला त्रास होतो. साधारण निम्म्या मुलांमध्ये बौद्धिक अडचणी असतात, उरलेल्या निम्म्यांची बुद्धी शाबूत असते. शरीर साथ देत नाही म्हणून "याला काही कळत नाही" असा समज करून घेणं त्यामुळे चुकीचं ठरतं.

दोष बाळंतपणाचाच असतो का?

"नाळ गळ्याभोवती होती", "वेळेत सिझर केलं असतं तर", "बाळ रडलंच नाही". सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या घरी ही वाक्यं वर्षानुवर्षं बोलली जातात. कधी त्यात तथ्य असतं. पण श्रीमंत देशांतल्या अभ्यासांनुसार प्रसूतीच्या वेळी ऑक्सिजन कमी पडल्याने होणाऱ्या सेरेब्रल पाल्सीचा वाटा थोडा आहे. बहुतेक वेळा कारण त्याआधीच, पोटातल्या वाढीच्या काळात घडलेलं असतं. त्या देशांत गेल्या काही दशकांत सिझरचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलं, पण पूर्ण दिवसांच्या बाळांमधली सेरेब्रल पाल्सी त्या प्रमाणात घटली नाही. म्हणजे सरसकट सिझर हा यावरचा उपाय नाही.

भारतात चित्र थोडं वेगळं आहे. इथल्या रुग्णालयांच्या नोंदींमध्ये जन्मावेळी बाळ गुदमरणं, तीव्र कावीळ आणि मेंदूतला संसर्ग या कारणांचा वाटा जास्त दिसतो. हे दुःखद आहे, पण यात एक आशाही आहे. कारण हीच कारणं बऱ्याच अंशी टाळता येण्यासारखी आहेत.

हे खरंच घडू शकतं का? ऑस्ट्रेलियात सेरेब्रल पाल्सीची देशव्यापी नोंदवही ठेवली जाते. एकेकाळी तिथे दर ४०० जन्मांमागे सुमारे एका मुलाला सेरेब्रल पाल्सी होत होती. पुढे हे प्रमाण ७०० मध्ये एकावर आलं. हे श्रेय कुठल्या एका शोधाचं नाही. गरोदरपणातली आणि नवजात बाळांची काळजी प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी सुधारत गेली, त्याचा हा एकत्रित परिणाम मानला जातो.

पहिला टप्पा: गरोदरपण

रक्तगट: आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या शरीरात बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. पहिल्या बाळाला सहसा त्रास होत नाही, पण पुढच्या बाळाला तीव्र कावीळ होऊन मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. त्यावर अँटी-डी नावाचं इंजेक्शन आहे. साधारण २८ व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत ते देतात. गर्भपात झाला असेल तरी त्याची गरज पडू शकते. माहेर आणि सासरच्या गावांमध्ये हे इंजेक्शन सहज विसरलं जातं. तिथल्या डॉक्टरांना वाटतं इथे दिलं असेल, इथल्यांना वाटतं तिथे दिलं असेल. फाईलमध्ये तारखेसह नोंद असेल तर हा घोळ होत नाही.

रुबेला: गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाला तर बाळाचे कान, डोळे, हृदय आणि मेंदू यांना इजा होऊ शकते. रुबेलाची लस गरोदरपणात देत नाहीत, ती आधीच घ्यावी लागते. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम झाली. त्या वेळी शाळेत असलेल्या मुली आता लग्नाच्या वयात येत आहेत. ज्यांची लस राहिली आहे, त्यांनी मूल होऊ देण्याच्या किमान महिनाभर आधी डॉक्टरांशी बोललेलं बरं.

बीपी, साखर, थायरॉइड, संसर्ग: वाढलेलं बीपी हे वेळेआधी प्रसूती होण्याचं आणि बाळाची वाढ खुंटण्याचं मोठं कारण आहे. मधुमेह, थायरॉइडचे विकार, लघवीचा किंवा गर्भाशयाचा संसर्ग यांवरही वेळेत उपचार व्हायला हवेत. यासाठी फार मोठं रुग्णालय लागत नाही. पावसच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासारख्या ठिकाणी बीपी, वजन, रक्त आणि लघवी तपासली जाते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर महिलांची मोफत तपासणी होते.

इथे एक गट सहज नजरेआड होतो. रत्नागिरीच्या आंबा बागांमध्ये राखणीला येणारी नेपाळी कुटुंबं हंगाम संपला की गाव बदलतात. त्यांच्यातल्या गरोदर बाईकडे जुने कागद असण्याची शक्यता कमीच. अशा वेळी माता-बाल संरक्षण कार्ड हीच तिची फाईल असते. बागेचा मालक किंवा शेजारीपाजारी यांनी आशा सेविकेला कळवलं तरी तपासणीची साखळी सुरू होते.

धोक्याची लक्षणंही घरातल्या सगळ्यांना माहीत हवीत. बाळाची हालचाल कमी वाटणं, रक्तस्राव, वेळेआधी पाणी जाणं, खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर किंवा हातांवर अचानक सूज, ताप. यातलं काहीही झालं तर "सकाळी बघू" म्हणायचं नाही.

दुसरा टप्पा: दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या तर?

सेरेब्रल पाल्सीचा सर्वात मोठा धोका वेळेआधी जन्मलेल्या बाळांना असतो. ३७ आठवड्यांआधीच्या जन्माला वेळेआधीचा जन्म म्हणतात. बाळ जितकं आधी येईल तितका धोका जास्त. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षा तो कित्येक पटींनी जास्त असतो. जुळं-तिळं असेल तरी जोखीम वाढते.

अशा वेळी दोन औषधांना फार महत्त्व आहे. दोन्ही जुनी आहेत आणि महागही नाहीत.

पहिलं म्हणजे स्टेरॉइडची इंजेक्शनं. ती आईला देतात, पण फायदा बाळाला होतो. फुप्फुसं लवकर तयार होतात आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका कमी होतो. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाऊवी या डॉक्टरांनी याचा पुरावा मांडला. भारतात २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान कळा सुरू झालेल्या बाईला पुढे पाठवण्याआधी डेक्सामेथासोनचा पहिला डोस देण्याची मुभा आरोग्य सेविकेलाही दिली.

दुसरं मॅग्नेशियम सल्फेट. गरोदरपणात बीपी वाढून झटके आले तर हेच औषध वापरतात. ३२ आठवड्यांच्या आत प्रसूती होणार असं दिसलं, तर ते शिरेतून दिल्याने बाळाच्या मेंदूचं रक्षण होतं. सर्व चाचण्या एकत्र पाहिल्या तर अशा साधारण ६० मातांना हे औषध दिल्यावर एका बाळाची सेरेब्रल पाल्सी टळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये त्याची शिफारस केली. मात्र ते रुग्णालयात, देखरेखीखालीच द्यावं लागतं.

आता फाईलचा मुद्दा परत येतो. ही औषधं द्यायची की नाही हे दिवस किती भरलेत यावर ठरतं. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून दिवसांचा अंदाज सर्वात अचूक येतो. तो रिपोर्ट मुंबईत राहिला तर ३१ आठवडे आहेत की ३५, याचा अंदाज बांधत बसावं लागतं.

दुसरा मुद्दा रस्त्याचा. पावसपासून रत्नागिरी साधारण २० किलोमीटर. रत्नागिरीहून कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, तेही आंबा घाट चढून. पावसाळ्यात या घाटात दरडी कोसळतात. वेळेआधी जन्मलेलं किलो-दीड किलोचं बाळ अशा रस्त्याने नेण्यापेक्षा, ते आईच्या पोटात असतानाच नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पोचणं कितीतरी सुरक्षित. म्हणून जोखमीचं गरोदरपण असेल तर प्रसूती कुठे करायची, गाडी कोणाची, रात्री फोन कोणाला करायचा हे सातव्या महिन्यातच ठरवलेलं बरं. १०८ आणि १०२ हे दोन नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये हवेत. सरकारी रुग्णालयात बाळंत होणाऱ्या प्रत्येक बाईला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार प्रसूती, सिझर, औषधं आणि घर ते रुग्णालय वाहतूक मोफत आहे.

तिसरा टप्पा: जन्मानंतरचं पहिलं मिनिट

जन्मल्यावर बाळाने श्वास घेतला नाही, तर पहिल्या मिनिटातच मदत सुरू व्हावी लागते. बाळाला कोरडं करणं, ऊब देणं, पाठ चोळणं आणि तरीही श्वास आला नाही तर पिशवी आणि मास्कने हवा देणं, एवढ्याने बरीचशी बाळं श्वास घ्यायला लागतात. यासाठी लागतो प्रशिक्षित माणूस. डॉक्टर आणि नर्सना हे शिकवण्यासाठी देशात २००९ पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम राबवला जातो.

श्वास कोंडल्यामुळे मेंदूला इजा झालेल्या बाळाचं शरीर ७२ तास थंड ठेवण्याचा एक उपचार श्रीमंत देशांत वापरला जातो. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत झालेल्या 'हेलिक्स' चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले तेव्हा वेगळंच दिसलं. मृत्यू किंवा अपंगत्व त्याने कमी झालं नाही, उलट थंड ठेवलेल्या बाळांमध्ये मृत्यू जास्त झाले. परदेशातला उपचार जसाच्या तसा उचलून चालत नाही, आणि इजा झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा ती होऊ न देणं महत्त्वाचं, हे यातून पुन्हा समोर आलं.

म्हणूनच कळा वाढवण्याचं इंजेक्शन घरी किंवा देखरेखीशिवाय कधीही घेऊ नये. कळा प्रमाणाबाहेर जोरात आल्या तर बाळाचा ऑक्सिजन तुटतो.

चौथा टप्पा: सव्वा महिना

कोकणात बाळंतीण सव्वा महिना घरात जपली जाते. सरकारी कार्यक्रमातही जवळपास तेवढाच काळ मोलाचा मानला आहे. रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर आशा सेविका ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळाला तपासते. या भेटींमागचा विचार महाराष्ट्रातच उभा राहिला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या गावांमधल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. प्रशिक्षित बाई वेळेवर घरी आली तर किती फरक पडतो, हे त्याने दाखवून दिलं.

या दिवसांत सर्वात जास्त लक्ष द्यायचं ते काविळीकडे. निम्म्याहून जास्त बाळं पहिल्या आठवड्यात थोडी पिवळी होतात आणि बहुतेक आपोआप बरी होतात. पण बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य फार वाढलं तर ते मेंदूत शिरतं आणि कायमची इजा करतं. त्यातून सेरेब्रल पाल्सी आणि बहिरेपण येऊ शकतं. पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा दिसणं, तळहात-तळपायांपर्यंत पोचणं, बाळ सुस्त पडणं, दूध ओढेनासं होणं ही धोक्याची चिन्हं आहेत.

उपचार सोपा आहे, निळ्या प्रकाशाखाली बाळाला ठेवणं. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या एका नर्सच्या लक्षात आलं की उन्हात नेलेल्या बाळाचा पिवळेपणा कमी होतो. त्यातून पुढे ही पद्धत आली. याचा अर्थ घरच्या कोवळ्या उन्हाने काम भागतं असा नाही. बिलिरुबिन जास्त असेल तर ऊन पुरत नाही. कावीळ उतरवून घेण्यात गेलेले दोन दिवस तर परत मिळत नाहीत.

आणखी एक गोष्ट बऱ्याच घरांना माहीत नसते. बाळाचे जुने कपडे, दुपटी डांबरगोळ्या घालून ठेवलेली असतात. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची जन्मतः कमतरता असते. डांबरगोळ्यांच्या वासाने त्यांच्या रक्तपेशी फुटून कावीळ एकदम भडकू शकते. म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या नकोतच.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. जन्मल्यावर तासाभरात अंगावरचं दूध सुरू करावं, कारण साखर फार कमी झाली तरी मेंदूला इजा होते. मध, गुटी, पाणी देऊ नये. नाळेला काही लावू नये, कानानाकात तेल घालू नये. बंद खोलीत धुरी करू नये. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ठेवण्याची 'कांगारू' पद्धत ऊब देते आणि जंतुसंसर्गही कमी करते. ताप आला, अंग थंड पडलं, झटका आला किंवा बाळ दूध प्यायचं थांबलं तर ताबडतोब रुग्णालय गाठावं.

पाचवा टप्पा: पहिली दोन-तीन वर्षं

जन्मानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही मेंदूला इजा होऊन सेरेब्रल पाल्सी येऊ शकते. मेंदूज्वर हे त्याचं एक मोठं कारण. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मिळणारी पेंटाव्हॅलेंट लस, न्यूमोकोकलची लस, नवव्या आणि सोळाव्या महिन्यानंतरची गोवर-रुबेला लस यांनी मेंदूपर्यंत जाणारे अनेक संसर्ग टळतात. माहेरहून मुंबईला परत जाताना लसीकरणाचं कार्डही सोबत गेलंच पाहिजे.

अपघातही टाळण्यासारखे आहेत. रडणाऱ्या तान्ह्या बाळाला जोरात हलवू नये. दुचाकीवर पुढ्यात घेऊन बसू नये. विहीर, पाण्याची टाकी, अगदी भरलेली बादलीसुद्धा रांगत्या बाळाला धोक्याची असते.

सगळं करूनही शंका आलीच तर?

चार महिन्यांनंतरही मान न धरणं, मुठी सतत आवळलेल्या राहणं, उचलल्यावर पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर जाणं, वर्षाच्या आत एकच हात वापरणं, आठ-नऊ महिन्यांत न बसणं, दीड वर्षात न चालणं, यातलं काही दिसलं तर थांबू नये. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर वय मूळ तारखेपासून मोजायचं. "मुलगे उशिराच चालतात" किंवा "जोरात मालिश करा, होईल बरं" यात जाणारे महिने महागात पडतात. लहान वयात मेंदू नव्या वाटा शोधू शकतो, म्हणून फिजिओथेरपी जितकी लवकर तितकी उपयोगी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाली. त्याची पथकं अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि गरज असेल तर पुढे पाठवतात. अंगणवाडी सेविकेला विचारलं तर पथक कधी येणार ते कळतं.

आणि आईला दोष देणं थांबवायला हवं. सगळ्या तपासण्या वेळेवर करूनही काही बाळांना सेरेब्रल पाल्सी होते आणि बऱ्याचदा नेमकं कारण सापडत नाही. ग्रहण पाहिलं, जड उचललं, प्रवास केला, असली कारणं चिकटवून काही साधत नाही. अशा मुलांची आयुष्यं वाया जातात असंही नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मालिनी चिब यांनी परदेशात उच्च शिक्षण घेतलं आणि एका बोटाने टाईप करून 'वन लिटल फिंगर' हे आत्मचरित्र लिहिलं. त्यांच्या आई डॉ. मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, ती अशा मुलांना शाळेचं दार उघडावं म्हणून. आज २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे.

धोका कमी करण्याचं काम एकट्या आईचंही नाही. मुंबईचे डॉक्टर, पावसची आरोग्य सेविका, रत्नागिरीचं रुग्णालय, दारात येणारी आशा, सासर आणि माहेर, या सगळ्यांमध्ये माहिती न तुटता पोचली पाहिजे. म्हणून सातव्या महिन्यात लेकीला आणायला स्टेशनवर जाणाऱ्याने बॅग उचलण्याआधी एवढंच विचारावं: फाईल आणलीस ना?